मागच्या सीटवरची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मुखवटा आहे. चेहऱ्यावर बांधायचा नव्हे, डोक्यावर आडवा घेऊन नाचायचा. लांबी साधारण दीड मीटर. मगरीचा जबडा, माणसाचं नाक आणि हरणाची शिंगं, सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं.

पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या किनाऱ्यावरच्या भातखाचरांच्या प्रदेशात बागा लोक राहतात. त्यांनी मला घडवलं. नाचणारा मला डोक्यावर घेई, गवती झग्यात स्वतः पूर्ण झाकला जाई आणि मला जमिनीलगत गरगर फिरवी. आमच्या गावात दर वर्षी नाचाआधी मला धुऊन, तेल चोळून नव्याने रंगवत. जुनं दिसण्यात कोणाला भूषण वाटत नव्हतं.

पुढे गावात उपदेशक आले. मुखवटे जाळा, असं त्यांनी सांगितलं. माझे सोबती जळले. मला एकाने भाताच्या कोठारात लपवलं आणि नंतर एका व्यापाऱ्याच्या हवाली केलं. त्यानंतर मी कधी नाचलो नाही.

हातोहात फिरत मी सौदी अरेबियात, रियाधमध्ये, एका कंपनीच्या युरोपीय साहेबांकडे आलो. ते संग्राहक होते. पाहुणे आले की मला उलटा करून आतला काळपट डाग दाखवत. तो नाचणाऱ्यांच्या घामाचा होता. बाजारात धुरात काळे केलेले नकली मुखवटे पुष्कळ, हा मात्र खरोखर नाचलेला, असं ते कौतुकाने सांगत. माझ्यावरची धूळसुद्धा त्यांनी कधी ओल्या फडक्याने पुसू दिली नाही.

बंगल्याच्या आवारातल्या खोलीत नसरुद्दीन राही. तो रत्नागिरीकडचा, साहेबांचा स्वयंपाकी. बायको रईसा धुणं-इस्त्री करी. त्यांची इफरा सहा वर्षांची होती. १९९१च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं तेव्हा रईसाला आठवा महिना होता.

रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली. साहेबांनी आपल्या गाडीने जेद्दाला जायचं ठरवलं. रईसाचा भाऊ जेद्दाच्या बंदरात कामाला होता. कफीलच्या, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, पत्राशिवाय इकामावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, राहणाऱ्या परदेशी कामगारांना दुसऱ्या शहरात जाता येत नसे, म्हणून नसरुद्दीनने साहेबांना विनंती केली. मागच्या सीटवर रईसा आणि इफराला नेईन, पत्रही देईन, असं साहेबांनी कबूल केलं. मला भिंतीवरच ठेवायचं ठरलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी रईसा हॉल झाडायला आली. रियाधच्या हवेत ओलावा फार थोडा. तिथे लाकूड आडवं आकसतं आणि शिरांच्या दिशेने फाटतं. माझ्या जबड्यापासून कपाळापर्यंत तडा गेला होता.

"अवो, हा तर उलतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

"साहेब त्याला हात लावू देत नाहीत, ठाऊक आहे ना तुला?"

"हात कुठं लावतेय? तेल लावतेय. आपल्याला गाडीत जागा देतायत, एवढं तरी करू दे."

तिने खोबरेल तेलात फडकं बुडवलं आणि माहेरचं दार पुसावं तसं मला आतबाहेर पुसलं. कित्येक वर्षांत प्रथमच मला कोणी लाकूड म्हणून वागवत होतं. तडा थोडा मऊ झाला. आतला डाग मात्र फडक्यावर उतरला.

साहेबांनी संध्याकाळी मला पाहिलं. ते ओरडले नाहीत. हातात टॉर्च घेऊन बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याला आजच जाणकाराकडे न्यायला हवं. जेद्दात एक जण आहे."

मी दीड मीटर लांब होतो. मागची सीट आडवी करावी लागली. नसरुद्दीननेच मला रजईत गुंडाळून त्यावर ठेवलं. रईसा दारात उभी होती, बोचकं बांधलेलं. पत्राचं काय, असं नसरुद्दीनने विचारलं. पुढच्या फेरीत बघू, असं साहेब म्हणाले. पुढची फेरी झाली नाही.

जेद्दाच्या जाणकाराने रसायनाने तेल काढलं. तडा दुप्पट रुंद झाला.

युद्ध संपल्यावर आम्ही परतलो. बंगल्याची एक काचही फुटली नव्हती. नसरुद्दीनने मला पुन्हा भिंतीवर टांगलं. साहेबांनी रईसाची चौकशी केली, तेव्हा तो खिळ्याकडे बघतच म्हणाला, "दिवस भरायच्या आधीच झालं, साहेब. भोंगे चालू होते, गाडी मिळाली नाही. पोर गेलं. रईसा इफराला घेऊन गावी गेली."

साहेबांनी वाईट वाटल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. युद्धात मला कसं वाचवलं, हे साहेबांनी रंगवून सांगितलं. एवढा मोठा मुखवटा गाडीत मावला कसा, असं एका बाईंनी विचारलं.

"मागची सीट रिकामी होती," साहेब म्हणाले.

नसरुद्दीन कॉफीचा ट्रे घेऊन तिथेच उभा होता. त्याने सगळ्यांना कॉफी दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. मी ते सांगणार नाही. कधी मी काचेच्या पेटीत दिसलो, तर माझं वय आणि लाकडाची जात खाली लिहिलेली असेल, ती वाचा. मग तिथल्या माणसाला एवढंच विचारा, ह्याला आणलं तेव्हा गाडीतून कोणाला उतरवलं होतं?