फिटरची मान

बजरंग आप्पांचा उजवा कान साखर कारखान्यात गेला, आणि गेल्याची खबर त्यांनी कुणाला लागू दिली नाही. पस्तीस वर्षं ऊस गाळायच्या मिल हाऊसात फिटर म्हणून काढली, रोज आठ तास त्या धडधडीत. पहिल्या दहाएक वर्षांतच एक दिवस ध्यानात आलं, की उजवीकडून कुणी हाक मारली तर पत्ताच लागत नाही. दुसरा असता तर डॉक्टर गाठला असता. आप्पा मान वळवायला शिकले. मशीनपुढं उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान हळूहळू फिरवायची, आणि डाव्या कानात आवाज जिथं सगळ्यात मोठा होईल तिथला अंदाज घेऊन बोट दाखवायचं. "हे खोला." खोलून बघावं, तर बिघाड बरोब्बर तिथंच!

झालं, बजरंग फिटरची मान अख्ख्या तालुक्यात गाजली. हाताखालचे सगळे शिकाऊ मान वळवायला लागले. दोन्ही कान ठणठणीत असलेली ती माणसं, पण उस्तादाची लकब म्हणून वळवायची! आप्पा गालातल्या गालात हसायचे आणि म्हणायचे, "जमंल, जमंल."

खरं काय ते एकट्या रतनबाईंना ठाऊक होतं. बायकोपासून कान कुठं लपतो? त्या कायम नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायच्या, आणि भांडण झालं की मुद्दाम उजवीकडं जाऊन मनसोक्त बोलून घ्यायच्या.

आप्पा निवृत्त होऊन श्रीरामपूरला घरी बसले. त्यांची लेक निकिता इंजिनिअर झाली आणि यंदा बेळगावकडच्या एका कारखान्यात मिल हाऊसची शिफ्ट इंचार्ज म्हणून लागली. लहानपणी बापाचा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हापासून तिलाही मान वळवायची सवय. तिचा हा पहिलाच हंगाम. परवा सकाळी पूजा होऊन गव्हाणीत, म्हणजे मिलकडं ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी पडणार, आणि आज दुपारी तिचा फोन आला.

"आप्पा, ट्रायलमध्ये ठोका येतोय. बारीक. टक्, टक्. दोन नंबर किंवा तीन नंबर मिलचा गिअरबॉक्स आहे. दोन्ही एकाच टर्बाईनवर चालतात, त्यामुळे एक बंद ठेवून बघता येत नाही. स्क्रू ड्रायव्हर लावून कानानं ऐकलं, तर दोन्हीकडे येतो."

"मंग दोनी खोला की."

"एकच खोलायला वेळ आहे. चीफसाहेब म्हणाले, तुझे कान वाजत असतील. मी हट्ट धरला, तर म्हणाले, ठीक आहे, कुठला खोलायचा ते उद्या दुपारपर्यंत सांग. चुकीचा खोलला आणि मोळी पडल्यावर मिल थांबली, तर मला इथं कोण विचारणार, आप्पा?"

मोळी पडली आणि मिल बंद पडली, हा अपशकुन कारखान्यात कुणी विसरत नाही. दहा वर्षांनीही म्हणतात, त्या अमक्याच्या वेळेला थांबली होती.

निकितानं युक्ती केली होती. गुढीपाडव्याला तिनं स्वतःला आणि आप्पांना एकसारखे दोन फोन घेतले होते. त्या फोनमध्ये स्पेशियल ऑडिओ म्हणून सोय होती. रेकॉर्ड केलेला आवाज नुसता कानात न येता आजूबाजूनं, जिथल्या तिथून आल्यासारखा वाटतो. आणि डोकं फिरवलं तरी आवाज आपली जागा सोडत नाही! "मी माझ्या इअरबडवर ऐकलं, पण मला नक्की सांगता येत नाही. तुम्ही मान वळवून ऐका, तुम्हाला कळेल," असं म्हणून तिनं रेकॉर्डिंग पाठवलं.

आता फोनबरोबर घेतलेले इअरबड आप्पांच्या कानात काही केल्या टिकत नव्हते. त्यातला एक तर दिवाळीआधी मोरीत पडून वाहून गेला. म्हणून त्यांनी सहादेवच्या मोबाईलच्या दुकानातून मोठ्या वाट्यांचा हेडफोन आणला होता, दुसऱ्याच कंपनीचा. तो कानावर चढवून ते ओट्यावर बसले, डोळे मिटले आणि मान वळवली.

मान वळली, तसा कारखानाही वळला. डावीकडं बघा, उजवीकडं बघा, धडधड आपली कानाला चिकटलेली ती चिकटलेलीच. टक् टक् ऐकू येत होती, पण कुठून? आप्पांनी मान इतकी फिरवली, की समोरून जाणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "मान आखडली काय वो?"

तडक सहादेवचं दुकान गाठलं. सहादेवनं फोन उलटासुलटा चाचपून पाहिला. सेटिंगमध्ये स्पेशियल ऑडिओचा पर्याय होता, पण फिका पडलेला. बोट लावलं तरी ढिम्म हलेना.

"आप्पा, हेडफोनात बिघाड न्हाई. त्याच्यात डोकं फिरल्याचं कळायची सोयच न्हाई. त्या कंपनीच्या फोनला त्याच कंपनीचं लागतं. गाणी लई झ्याक वाजतील ह्याच्यावर."

"गाणी काय करू? मला गिअरबॉक्स ऐकायचाय!"

सहादेवनं नगरला दोन दुकानांत फोन लावला. तिथंही शिल्लक नव्हते. मागवले तर तीन दिवस. आप्पा हात हलवत घरी आले.

रतनबाईंनी चहा पुढं ठेवला. डावीकडंच बसल्या. "सांगून टाका पोरीला."

"काय सांगू?"

"तुमाला एकच कान हाय म्हनून. दोन कानाच्या मानसाला तशीबी डावी-उजवी बाजू कळती. तुमाला मान फिरवल्याबिगर कळत न्हाई. ती बिचारी वाट बघत बसली आसंल."

"आगं, आयुष्यभर तिला वाटलं, बापाकडं काहीतरी इद्या हाय."

"मंग न्हाई का? पन पोरीचा हंगाम बुडवून इद्या मिरवायची व्हय?"

आप्पांच्या मनात आलं, अंदाजानं दोन नंबर सांगून टाकावं. पन्नास टक्के तर बरोबरच. पण नुसत्या विचारानंच त्यांना स्वतःची लाज वाटली. हातातल्या हेडफोनकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना सुचलं. हेडफोनला मान कळत नाही ना? नको कळू दे. मान तिकडं कारखान्यातच वळली तर?

त्यांनी फोन लावला.

"निके, ऐक. मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

पलीकडं काहीतरी धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे... आप्पा, तुम्ही मान त्यासाठी वळवायचा?"

"व्हय."

"आणि मग मी का वळवते?"

आप्पांना हसू फुटलं. आधी बारीक, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पलीकडं लेकही खोखो हसत सुटली. इतक्या वर्षांचं ओझं असं हसता हसता उतरेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आता कामाचं," डोळे पुसत आप्पा म्हणाले. "उद्या ट्रायलला दोनी मिलच्या मधोमध उभी ऱ्हा. फोन छातीशी आडवा धर. आधी टर्बाईनकडं तोंड. धा सेकंद. मंग जागेवरच वळ, थोडी थोडी. कुठं तोंड हाय ते दर वेळंला ओरडून सांग. मान तू वळव, ऐकतो मी."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला रेकॉर्डिंग आलं. आप्पांनी हेडफोन चढवला आणि या खेपेला मान मुळीच हलवली नाही. धडधडीतून लेकीचा आवाज आला, "टर्बाईन!" आणि टक् टक् डाव्या कानाशी खणखणीत उठली. "तीन नंबर!" ठोका मवाळ झाला. "टर्बाईनला पाठ!" जवळजवळ गेलाच. "दोन नंबर!" पुन्हा चढू लागला. "टर्बाईन!" पुन्हा खणखणीत. आप्पांनी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा तेच.

"टर्बाईनकडं तोंड करून उभं ऱ्हायलं, तर तुझ्या डाव्या हाताला काय येतं?"

"दोन नंबर."

"तोच खोल."

दिवसभर आप्पांना जेवण गोड लागलं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला निकिताकडून फोटो आला. गिअरचा एक दात, आणि त्याच्या बुडाशी केसाएवढी चीर. खाली लिहिलं होतं, "बदलायला दुसरा गिअर स्टोअरमध्ये आहे. चीफसाहेबांनी स्वतः हात लावलाय."

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. पूजा, नारळ, हारतुरे, गव्हाणीत मोळी, टाळ्या. रतनबाईंनाही ऐकायचं होतं. हेडफोनची उजवी वाटी आप्पांना नाहीतरी बिनकामाचीच. ती त्यांनी ताणून रतनबाईंच्या कानाला लावली आणि दोघं डोक्याला डोकं टेकवून बसले. मिल एकसुरात चालली होती, ठोक्याचा मागमूस नव्हता.

व्हिडिओच्या कोपऱ्यात, गर्दीपासून लांब, पिवळं हेल्मेट घातलेली निकिता उभी होती. डोळे मिटलेले, मान हळूहळू वळतेय. तिच्या शेजारी दोन तरुण फिटर, त्यांच्याही माना वळलेल्या.

"आवो, हिला तर आता खरं कळलंय ना?" रतनबाई म्हणाल्या. "हिचे दोनी कान धडधाकट हायेत. मंग आता कशापायी वळवती?"

आप्पांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"फिटर हाय ती," ते म्हणाले.