कार्डावरची टोपणं

घरात त्याला सगळे तज्ज्ञ म्हणायचे, आणि त्यातली थट्टा त्याला कधी कळली नाही. रिमोटचे सेल बदलायचे असले तरी तो आधी भाषण द्यायचा. गेमिंगचा कॉम्प्युटर मात्र त्याने खरोखर स्वतः जुळवला होता, एकेक भाग निवडून, आणि तेव्हापासून तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

सध्या त्याच्या तोंडी एकच विषय होता: नवं ग्राफिक्स कार्ड. गेममधलं चित्र भराभर पडद्यावर आणतो तो हा भाग. दोन पंख्यांचं घ्यावं की तीन, मेमरी किती हवी, वीज पुरेल का, हे तो दोन्ही वेळच्या जेवणात चघळायचा. आईने एकदा विचारलं, "अरे, पण आहे त्याला काय धाड भरलीय?"

"जुनं झालंय गं. चित्र अडकत अडकत येतं. शत्रू दिसेपर्यंत मी मेलेला असतो."

"मग मेलेला माणूस जेवणार आहे का, ते सांग," आई म्हणाली आणि त्याचं ताट पुढे सरकवलं.

बाबा शाळेची बस चालवायचे. त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं मालट्रकवर गेलेली. संध्याकाळी कॉम्प्युटर मोकळा असला की ते ट्रकचा गेम लावत. त्यासाठी टेबलाला स्टिअरिंगही बसवलं होतं. चष्मा पुसून, खुर्ची पुढेमागे करून, पडद्यातल्या दोन्ही आरशांत बघून मगच गाडी हलायची. पण पडद्यावरचा ट्रक वळायला उशीर करायचा. बाबा स्टिअरिंग फिरवायचे, ट्रक जरा विचार करायचा आणि खांबाला जाऊन भिडायचा.

"बाबा, वय झालं आता तुमचं," तज्ज्ञ पलंगावर लोळत म्हणायचा. "हात उशिरा वळतो. रिफ्लेक्स म्हणतात त्याला. वयाबरोबर जातात ते."

स्वतः हरला की कार्ड जुनं, बाबा धडकले की बाबा जुने. एकाच यंत्राबद्दल असे दोन निकाल देताना त्याला काही वावगं वाटत नव्हतं. बाबा आधी हसायचे. मग हसेनासे झाले. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "खरंच उशिरा वळतो का रे?" मोबाइलमधून डोकं वर न काढता तो "हो" म्हणाला होता.

शेवटी त्याचं मन तीन पंख्यांच्या कार्डावर बसलं. ते कॉम्प्युटरच्या पेटीत मावतं का, एवढंच बघायचं राहिलं. एका सुट्टीच्या दुपारी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तो टेबलाखाली शिरला. कॉम्प्युटर बंद केला, पेटी वळवली आणि जुन्या कार्डाला लावलेली पडद्याची केबल काढायला मागे हात घातला. केबल हाताला लागेना. त्याने मोबाइलचा उजेड पाडला.

कार्डाच्या सगळ्या खाचांवर काळी टोपणं तशीच होती, खोक्यातून आली होती तशी. केबल त्यांच्याही वर, मदरबोर्डच्या म्हणजे मुख्य सर्किट-पाटीच्या खाचेत होती. म्हणजे कॉम्प्युटर जुळवल्यापासून कार्ड नुसतं बसून होतं, आणि सगळं चित्र प्रोसेसरमधल्या कामचलाऊ सोयीवर कसंबसं ओढलं जात होतं. असली चूक नवशिके करतात, आणि तज्ज्ञ त्यांना इंटरनेटवर फिदीफिदी हसतो. त्याचे कान तापले. टेबलाखाली कोण बघणार होतं, तरी त्याने मागे वळून पाहिलं.

त्याने टोपणं काढली, केबल कार्डाला लावली आणि ट्रकचा गेम सुरू केला. स्टिअरिंग फिरवलं तसा ट्रक वळला, लगेच. आधी त्याला आनंद झाला. मग बाबांचे खांब आठवले.

तेवढ्यात बाबा घरी आले. चपला काढता काढता आईला म्हणाले, "देऊन आलो चावी मालकांना."

"कसली चावी?"

"बसची. मागे लेकरं बसलेली असतात. हात उशिरा वळतो हे कळल्यावर कुठल्या तोंडाने चालवू?"

बाबा खोलीत आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "बसवलंस वाटतं नवं कार्ड?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. "बसा ना," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

बाबा बसले. आरसे पाहिले. गल्लीतून ट्रक काढला, गोदामाच्या दारात उलटा नेऊन लावला. कुठे घासला नाही, कुठे भिडला नाही. "कार्ड झकास आहे," ते म्हणाले. मग स्टिअरिंगवरचे हात उचलून स्वतःच्याच तळव्यांकडे बघत राहिले. "म्हणजे हात..."

"हात चांगला आहे बाबा. कार्डही जुनंच आहे. केबल मी चुकीच्या जागी लावली होती. पहिल्यापासून." त्याने मूठ उघडून टोपणं दाखवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "मालकांना सांग. आत्ता मला सांगितलंस तसंच."

त्याने सांगितलं. केबल, खाच, टोपणं, सगळं. आपलाच आवाज त्याला परका वाटत होता.

"अरे, मी दुसऱ्या माणसाला शब्द देऊन बसलोय," मालक म्हणाले. "किती समजावलं मी तुझ्या बाबांना. म्हटलं, अहो, तुमच्या हातात असताना बसवर एक ओरखडा आला नाही. ऐकेनातच. म्हणाले, माझा मुलगा सांगतोय, आणि त्याला त्यातलं कळतं."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी मालकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाबांनी मान खाली घालून ट्रकचं इंजिन बंद केलं.