एकाच किटलीतला चहा

"दारू सुटत नाही म्हणजे काय? माणसानं मनावर घ्यायला हवं," असं कुणी म्हणालं की माझं टाळकंच सटकतं. अरे, मनावर घेतलं होतं की माझ्या भावानं! मन कुठं जात होतं त्याचं गुत्त्यावर? पायांना जावं लागत होतं.

गुत्त्याच्या दारातच माझी गाडी असते. उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे आणि चहाची किटली. नवरा गेल्यापासून हाच माझा धंदा. भाऊ दारू सोडतोय आणि बहीण दारुड्यांना चखणा विकतेय, असं लोक बोलतात. बोलोत. त्यांच्या बोलण्यानं माझी चूल पेटत नाही.

धाकटा मालधक्क्यावर सिमेंटच्या गोण्या उतरवतो. संध्याकाळी येतो तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. छातीत धूळ, पाठीत कळ. घसा धुवायचा तर दारूनंच आणि झोप लागायची तर दारूनंच, असं तिथल्या म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे सांगतात. पण खरी गोम वेगळीच आहे. उद्याची टोळी ठरते ती गुत्त्यात. मुकादम कोपऱ्यातल्या बाकावर बसतो, गिलास हातात घेतो आणि बोट दाखवतो, "तू, तू आणि तू." जो तिथं नाही त्याला काम नाही. जो तिथं रिकाम्या हातानं बसलाय त्यालाही नाही. "आले साधू महाराज!" म्हणून हसतात आणि वर म्हणतात, न पिणारा माणूस उद्या साहेबाकडे चुगल्या करणार. आता करा मनावर घेऊन काय करायचं ते!

धाकट्यानं दारू सोडली ती चिंगीपायी. लेकीला बाजारात घेऊन गेला आणि पिण्याच्या नादात तिला तिथंच विसरून घरी आला. पोर सापडली, पण भावजयीनं बोचकं बांधलं आणि चिंगीला घेऊन माहेरी गेली. बरोबरच केलं तिनं. माझा भाऊ असला म्हणून काय झालं! नंतर मीच हातापाया पडून तिला कबूल करवलं. ती म्हणाली, "रविवारी येते. चिंगी त्याच्या तोंडाचा वास घेईल. नसला तर बोचकं सोडेन. असला तर उंबऱ्यावरूनच परत, आणि मग पुन्हा बोलावू नका." चिंगीची ती जुनी सवय. बापानं कडेवर घ्यायच्या आधी ती त्याच्या तोंडाशी नाक नेते आणि मग ठरवते, जायचं की नाही.

मग काम आणि लेक, दोन्ही राखायचं कसं? डोकं मीच चालवलं. त्याच्या गिलासात मी गाडीआडून बिनदुधाचा चहा ओतायचे. गुत्त्यातल्या त्या मळक्या गिलासांत चहा काय आणि दारू काय, ओळखतोय कोण! धाकटा तो घोट घोट प्यायचा, मधेच डुलायचा, एखादी शिवी हासडायचा. नाटकात असता तर बक्षीस मिळवलं असतं मेल्यानं. गुत्तेवालाही रोज माझ्याकडून एक गिलास काळा चहा आत न्यायचा. "पित्त झालंय," म्हणायचा. मी मनात म्हणायचे, होणारच, लोकांच्या बायकांचे तळतळाट खातोस ना!

शनिवारी माझं लक्षच थाऱ्यावर नव्हतं. चिंगीसाठी रिबीन आणली होती, गोधडी धुऊन वाळत घातली होती, सगळा जीव रविवारात. त्या नादात किटली विस्तवावर राहिली आणि चहा करपला. दुसरा करायला वेळ नव्हता. धाकट्यानं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, करपलाय."

"गप पी. दारू काय गोड लागायची?"

एवढ्यात मुकादम उठला. तो असा उठला की सगळे गप्प होतात. त्यांच्यात एक रीत आहे. ज्याला मुकादम आपला जोडीदार नेमतो, त्याच्याशी तो सगळ्यांसमोर गिलास बदलतो. यानं त्याचा प्यायचा, त्यानं याचा. जोडीदारानं गोणी उचलायची नसते, धक्क्यावर उभं राहून टोळी हाकायची असते. धाकट्याच्या पाठीला दुसरं काय हवं होतं! मुकादमानं आपला गिलास त्याच्यापुढे धरला. "घे. तुझा दे इकडे."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या गिलासात चहा! मुकादमाच्या जिभेला लागला की जोडीदारकी तर गेलीच, पुढचं कामही गेलं. मी सोलत असलेलं अंडं माझ्या मुठीत चिरडलं, तेवढंच काय ते केलं मी.

धाकट्यानं सगळा चहा एका दमात घशात ओतला आणि गिलास उपडा करून दाखवला. "संपला, दादा. आणि तुमच्या गिलासातलं प्यायची माझी लायकी नाही. मला नवीन भरा, बाटलीतली."

"अरे, हाच घे ना," मुकादम म्हणाला.

"नाही दादा. बाटलीतलीच."

"मी देतोय ना, घे!" मुकादमाचा आवाज जरा चढला. पण तोवर सगळा गुत्ता टाळ्या पिटायला लागला, "बाटली! बाटली!" गुत्तेवाल्यानं भरला. धाकट्यानं डोळे मिटले आणि प्याला. एकावर थांबला असता तर तो माझा भाऊ कसला! गुत्ता उठायच्या वेळी तो गात होता.

जाताना मुकादमानं आपला भरलेला गिलास माझ्या गाडीवर ठेवला. विसळायला उचलला आणि माझा हात थबकला. करपट वास. पुन्हा नाकाशी नेला. माझ्याच किटलीतला चहा!

मी धावत जाऊन त्याला रस्त्यात गाठलं. "मुकादम, हे काय आहे?"

तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी माझी कधीच बंद केलीय, बाई. गुत्तेवाला पित्ताचं नाव सांगून तुझ्याकडून नेतो तो चहा माझाच. पण न पिणाऱ्या मुकादमाचं टोळी ऐकते का? तुझ्या भावाच्या गिलासात काय असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून तर त्याला निवडला. धक्क्यावर शुद्धीतला माणूस हवा होता मला. म्हटलं गिलास बदलू, एक घोट घेतला की त्याचं त्याला कळेल, आणि दोघंही गप्प बसू."

"मग तो बाटली मागत होता तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

"सगळ्यांसमोर?" एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून गेला. चार शिव्या माझ्या ओठांवर आल्या होत्या. पण कुठल्या तोंडानं देणार? मी तरी कुठं उघडलं होतं तोंड?

रविवारी सकाळी धाकट्याचे हात थरथरत होते. मी पाणी तापवेपर्यंत कुठून तरी एक घोट मारून आला. मग आंघोळ केली, दात घासले, मूठभर बडीशेप चावली. भावजय आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली, बोचकं काखेत. चिंगी मात्र धावत आत गेली. बापाच्या गळ्यात हात टाकले आणि नाक त्याच्या तोंडाशी नेलं.

एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग आईकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आई, बाबा नुसता चहा प्यायलेत."

भावजयीनं तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे. "खोटं बोलणं एवढंच शिकायचं राहिलं होतं तिचं," ती म्हणाली. चिंगीला हाताला धरून ती निघाली. पोर वळून वळून सांगत होती, "खरंच गं आई, चहाच!" रिबीन माझ्या हातातच राहिली.

धाकटा भिंतीला टेकून रडला. "कामासाठी प्यालो गं ताई. गिलास बदलला असता तर पकडलाच असता त्यानं मला."

मुकादमाच्या त्या गिलासात काय होतं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवते. मग संध्याकाळ होते, तो गुत्त्यात जातो, आणि मी गाडीवर अंडी सोलत बसते. आता तो माझ्याकडे चहा मागत नाही.