टोपलीखालची मांजर

"शून्य? माझ्या नातीला शून्य?"

"आजी, ही परीक्षा नाहीये. मार्क नाहीत ते."

"मग आकडा कशाला लिहिलास, पोरी?"

मी कापडाची मांजर बोलतेय, आणि तीही टोपलीखालून. बाहेर ही जुंपलीय, त्यात मला वर काढायचं भान कुणालाच नाही.

माझा जन्म एका फाटक्या चादरीतून झाला. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या या ताईनं मला शिवलं. एक डोळा काळ्या बटणाचा, दुसरा निळ्या बटणाचा. दुसरं काळं मिळालं नाही. खेळायला नाही हो, लपायला शिवलं. व्हिडिओ कॉलवरच्या माणसाचं बोलणं दोन-अडीच वर्षांची पोरं कितपत खरं धरतात, हा तिचा प्रकल्प. मूल एका खोलीत टॅबसमोर बसतं. ताई शेजारच्या खोलीतून कॉल लावते, मला दाखवते, टोपलीखाली घालते आणि म्हणते, "ये, मांजर शोध." मूल उठून आलं तर एक, नाही आलं तर शून्य.

तेवीस पोरं झाली. कुणी मला चावलं. कुणी टॅबच्या मागे हात घालून शोधलं. एकानं काचेवरच्या ताईला अर्धं बिस्किट भरवलं आणि सगळी काच चिकट केली. माझा कान लोंबतोय, पोटातला कापूस बाहेर डोकावतोय, पण टाका घालायला ताईला सवड कुठली? अंधारात पडून पावलांचा कानोसा घ्यायचा, एवढंच माझं काम. शिणले मी आता. कुणीतरी टोपली उचला आणि मला एखाद्या उशीशी पडू द्या.

आज चोविसावी आली ती ठकू. आजीच्या मांडीवर बसून टॅबवर मला बघून हसली, टाटा केलं, आणि जागची हलली नाही. शेवटी आजीच तिला कडेवर घेऊन या खोलीत आली आणि कागदावरचा आकडा बघितला.

"हा कागद तिच्या आईला जाणार?" आजीनं विचारलं.

"पाठवावाच लागतो. परवानगीची सही त्यांची आहे."

"म्हणजे ती तिकडे परमुलखात एकटी बसून वाचणार, की लेकीला मी नुसतं चित्र वाटते. कामावरून आली की आधी फोन लावते ती, मग चपला काढते. फाड तो कागद."

"कसा फाडू, आजी? माझं अख्खं वर्ष आहे त्यात. आणि खोटं काय लिहिलंय मी? मी शेजारच्या खोलीत आहे हे ठकूला कळलंच नाही."

यावर आजी बोलली ती इतक्या हळू, की मला टोपलीखालून कान द्यावा लागला.

"कळतं गं तिला; आईचा फोन ठेवला की उठून शेजारच्या खोलीत आईला बघायला जायची ती, सहा महिने रोज गेली, आणि मग जायची थांबली, ते लिही."