कललेला गाडा

"माझ्या जित्या पोराचं तेरावं घालायला लावलंसा तुमी!"

साहेबानं पुढं केलेली पदकाची डबी अंबुबाईनं हाताच्या पालथ्यानं मागं सारली. चावडीपुढच्या मांडवात अर्धं बेळगुंदी गाव बसलं होतं.

साहेब बेळगावच्या छावणीतून मोटारीनं आला होता. चार वर्षांपूर्वी ह्याच जागी उभं राहून त्यानं गावातल्या पोरांच्या छात्या मोजल्या होत्या. अंबुबाईचा रवळू त्यातच गेला. आणि रवळू इटलीच्या मुलखात मेला, अशी तार आली ती ह्याच साहेबाच्या कचेरीतून.

"लढाईत चुका होतात, बाई," साहेब म्हणाला. "दवाखान्यात नावांची गल्लत झाली. पण मुलगा आला ना घरी? मग सरकारचे आभार मानायचे सोडून..."

"तुमी आणलंसा व्हय त्याला?"

साहेबानं कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं पाटलाकडं. पाटील आपल्या वहाणा बघत बसला.

"ज्यानं माझं पोर वाचवलं त्याचं आभार मानीन मी," अंबुबाई म्हणाली. "तुमचं न्हाय." आणि पदर खोचून मांडवातून चालती झाली.

मोठ्यांचं बरं असतं. मेला म्हणायचं तेही त्यांनी, जिता म्हणायचं तेही त्यांनी. हात मात्र दोन्ही वेळा गरिबानं जोडायचे. अंबुबाईनं ते जोडले नाहीत. पण घराच्या उंबऱ्यावर येऊन टेकली तेव्हा तिच्याच तोंडचं वाक्य तिला टोचायला लागलं. वाचवलं कुणी? तेच तर तिला ठाऊक नव्हतं.

बेळगुंदीत रीत होती. रवळनाथाच्या देवळामागं वडाच्या पाराला लागून नवसाच्या वस्तूंची रांग असे. ज्यानं जीव वाचवला, त्याचं रूप करून तिथं ठेवायचं. जयाबाई भरल्या मार्कंडेय नदीतून म्हशीचं शेपूट धरून पैल गेली, तिची मातीची म्हैस होती. विहिरीत पडलेल्या कुणाची तरी बोटाएवढी शिडी होती. वस्तू ठेवायची आणि देवाला मोठ्यानं सांगायचं, "फिटलं." मग ते माणूस पुन्हा आपलं. तोवर ते आपलं नाही, देवाकडनं उसनं आणलेलं, आणि देव कधीही मागून घेईल.

तार आल्यावर गावानं तेरावं केलं. अंबुबाईनं चुलीवर भात चढवला, पण डोळ्याला पदर लावला नाही. दुसऱ्या दिवशी देवापुढं जाऊन ती म्हणाली होती, "मेला असंल तर तुझा तू घे. जिता असंल तर ज्यानं वाचवला त्याचं रूप तुझ्या पायाशी आणून ठेवीन. तुझंच नाव ठेवलंय त्याला, ध्यानात असू दे."

आणि रवळू आला. उजवा पाय ओढत आला, पण आला. कसा वाचलास म्हटलं की 'वाचलो' म्हणायचा आणि गोठ्याकडं जायचा. तो जेवायला बसला की ती समोर बसून त्याचा घास न् घास बघायची. पोरगं शिंकलं तरी ती हातातलं काम टाकून धावायची. उसनंच ना अजून.

त्या दिवशी चावडीवरनं आल्यावर तिनं त्याला गोठ्याच्या दारातच अडवला.

"कोण हुता त्यो? आज सांगितल्याबिगर हलू देत न्हाय."

रवळूनं हातातली वैरण खाली ठेवली. बैलाच्या वशिंडावर हात फिरवला.

"टँक," तो म्हणाला.

"पाण्याची?"

परत आल्यापासून पहिल्यांदा तो हसला. "लोखंडी गाडा, आये. वर तोफ असती. बैल न्हाय, काय न्हाय, आपलाआपणच चालतोय."

"त्यानं वाचवला तुला?"

"व्हय."

"मग गाडा तर गाडा," ती म्हणाली. कैक महिन्यांनी तिनं मोकळा श्वास घेतला. "भरमूकडं जा. आजच्या आज."

भरमू सुतार गावाच्या बैलगाड्या करायचा, देवाची पालखीही त्याच्याच हातची. तो म्हणाला, "गाडं माझं बोट धरून चालत्यात. आकार सांग." रवळूला कागदावर काढता येईना. तो अंगणात गेला आणि धुळीत चक्क उताणा झोपला. एक हात डोक्यापलीकडं लांब केला.

"हितं बोटं संपली तितनं चाकाचा पट्टा गेला. मार खूण."

"झोपून कोण माप घेतंय रं?" भरमू हसत खडूनं रेघ मारायला वाकला. वाकला तेव्हा त्याला रवळूचे डोळे दिसले. ते आभाळाकडं होते आणि पापणी लवत नव्हती. भरमूनं हसू आवरून रेघ मारली.

दारात अंबुबाई सूप घेऊन पाखडत होती. तिचे हात थांबले ते रवळू उठून अंगाची धूळ झटकेपर्यंत थांबूनच राहिले.

खऱ्या गाड्याच्या हाताला इथं एक बोट, असं माप ठरलं. फणसाचं लाकूड घेतलं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कातरून चाकांवरचे पट्टे केले, त्याला एकेक कडी खिळ्यानं ठोकून उठवली. तोफेला चिवारीच्या बांबूची कांडी, सरळ, आतून पोकळ. रवळू रोज सकाळी जाऊन बसायचा. हे जाड झालं, ते तास, इथं झडप पाहिजे, झडप उघडी पाहिजे. महिनोन्महिने न बोललेला माणूस लाकडाशी बोलायला लागला. अंबुबाई भाकरी घेऊन जायची आणि उगाच घटकाभर जास्त बसायची. आपलं पोर कशावर तरी चिडतंय, हे बघूनही तिला बरं वाटायचं.

गाडा उभा राहिला तेव्हा भरमू मागं सरून बघायला लागला आणि कपाळावर आठी घातली.

"एका अंगाला कलतोय. थांब, पाचर मारतो."

"नको."

"अरं, डाव्या अंगाचा पट्टा खाली गेलाय. माझी लाज जाईल गावात."

"तसाच पाहिजे, भरमूआण्णा. मीच डावी पट्टी जास्त तासाय सांगितली तुला."

"तुला मारलं पाहिजे," भरमू म्हणाला, पण पाचर टाकून दिली.

रंगाला आणखी वाद झाला. भरमूनं पालखीचा लाल काढून ठेवला होता. रवळूनं तो नाकारला. त्यानं पिवडी मागितली, गेरू मागितला, आणि पिवडीत कपड्याची नीळ घालून हिरवा केला. जवसाच्या तेलात तिन्ही खलले. आधी सगळ्या गाड्याला पिवळा हात दिला. तो वाळल्यावर चिंधीच्या बोळ्यानं गेरूचे आणि हिरव्याचे वाकडेतिकडे पट्टे ओढले, कडा बोटानं पुसून पुसून मऊ केल्या.

"बांडं वासरू केलंस की रं चांगल्या गाड्याचं," अंबुबाई म्हणाली.

"दिसू ने म्हणून असं रंगवत्यात, आये. झाडीत उभा केला की पाला वाटावा."

भरमूनं कपाळाला हात लावला. "हयात गेली माझी, दिसावं म्हणून रंग लावण्यात. दिसू ने म्हणून रंग लावायचा, तर लावायचा कशाला?"

रवळूनं तिघांच्या देखत गाडा उचलून बाहेर कुंपणाच्या घाणेरीच्या झुडपात नेऊन ठेवला. तिसरा होता गुंडू हवालदार. हा म्हातारा पेन्शनीवर येण्याआधी छावणीत रंगरुटांना शिकवायला होता. लाकडी गाडे मांडून कुठला आपला नि कुठला दुश्मनाचा ते ओळखायला लावायचा. पान खाऊन भरमूकडं गप्पांना आला होता. अंबुबाईला खरंच घाणेरीत क्षणभर काही दिसलं नाही. मग पान हललं आणि गाडा दिसला. ती पोरीसारखी हसली.

गुंडू हसला नाही. तो काठी टेकत कुंपणाशी गेला आणि वाकून बघत राहिला.

"रवळू, ह्यो आपला न्हाय."

रवळू धोतराला बोटं पुसायला लागला.

"आपलं टँक एकरंगी, शेवाळी. असा बांडा जर्मनचा." म्हातारा वळला. "अंबाक्का, तुझा ल्योक दुश्मनाचा गाडा देवापुढं ठेवाय निघालाय."

"हवालदारआप्पा, चुकत असाल."

"जल्मभर हेच शिकवलं मी. चुकलो असतो तर लई पोरं मेली असती."

अंबुबाईनं रवळूकडं बघितलं. त्याच्या बोटांना गेरू लागला होता आणि तो धोतराला पुसत होता, पुन्हा पुन्हा, पुसून झाल्यावरही.

"खरं हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच, कुंपणाकडं तोंड करून. द्राक्षाचा मळा होता. थंडी अशी की चिखल काचेसारखा कडकडायचा. पाय मोडून तो वाटेत पडला होता, सरकता येत नव्हतं. समोरून हा आला. बाजूला ओढा, त्यामुळं पक्की वाट तेवढीच, आणि त्या वाटेवर रवळू.

"पुढची झडप उघडी हुती. आतला दिसला मला. माझ्याच वयाचा. केस मक्याच्या तुऱ्यागत. त्यानं हातानं केलं, सरक म्हणून. मी मान हलवली, जमत न्हाय म्हणून. तवा त्यो वळला."

"कुठं?"

"वढ्यात. दुसरीकडं जागाच न्हवती. डाव्या अंगाचा पट्टा खाली गेला आणि गाडा कलला." त्यानं तळहात कलता करून दाखवला. "कललेला गाडा हलत न्हाय, आये. मग आमच्या तोफांस्नी त्यो दिसला."

भरमूनं हातातला रंधा खाली ठेवला.

"त्यो भाईर निघाला?" अंबुबाईनं विचारलं.

रवळूनं घाणेरीतनं गाडा काढला आणि त्याच्यावर पडलेलं पान फुंकून उडवलं.

गुंडू हवालदार काठीच्या मुठीवर अंगठा घासत उभा होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "कडंला काळी फुली ऱ्हायलीया. पांढऱ्या काठाची. काजळी असंल तर आण, मी दावतो कशी असती ती."

दुसऱ्या दिवशी अंबुबाईनं गाडा नव्या चोळीच्या खणात गुंडाळून डोक्यावर घेतला आणि देवळात गेली. बातमी आधीच पोचली होती. चारसहाजण पारावर जमले होते. दुश्मनाचं ध्यान गावदेवाला कसं चालेल, म्हणून पाटलानंही माणूस धाडला होता. जोतिबा गुरव गाभारा झाडत होता. त्यानं झाडू न ठेवताच विचारलं,

"ह्यानं वाचवला?"

"व्हय."

"मग ठेव. जयाबाईला मी म्हशीचं गाव इचारलं हुतं का?"

पारावरचा एकजण हसला आणि बाकीचे पांगले. अंबुबाईनं गाडा मातीच्या म्हशीशेजारी ठेवला. तो तिथंही एका अंगाला कलला. तिनं हळदीकुंकू वाहिलं, उघड्या झडपेशी एक फूल ठेवलं, आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले. रवळू मागं उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. इतका गोड आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"म्हण, फिटलं," जोतिबानं आठवण दिली.

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"आजून न्हाय," ती म्हणाली.

बुधवारी ती बेळगावला चालत गेली. रवळू येतो म्हणाला, त्याला तिनं बैलांजवळ ठेवला. छावणीच्या फाटकावर शिपायानं हटकलं, तेव्हा म्हणाली, साहेबाचे आभार मानायचे राहिलेत. असल्या कामाला फाटक लवकर उघडतं.

साहेबानं तिला ओळखलं. चेहरा खुलला. त्यानं टेबलाच्या खणातून पदकाची डबी काढून वर ठेवली.

"ये, बाई. पटलं ना शेवटी?"

"व्हय. आभार मानाय आलोय." तिनं डबीला हात लावला नाही. "इटलीत एक जर्मनचा गाडा वढ्यात जळाला. माझा रवळू पडला हुता तिथंच. त्यात एक पोरगं हुतं, मक्याच्या तुऱ्यागत केसांचं. माझ्या पोराला वाचवाय गेलं आणि मेलं."

साहेबाचा चेहरा बदलला. "शत्रूचा सैनिक?"

"पोरगंच. त्याच्या आईला तार गेली असंल, माझ्यासारखीच. मेला एवढंच लिवलं असंल तुमच्यासारख्या कुणीतरी. कशापायी मेला ते तिला ठावं न्हाय. मला सांगायचंय तिला."

"बाई, हे आपल्या हातातलं नाही. त्यांची नावं, त्यांची गावं आम्ही कुठून शोधणार?"

"मारायचं हुतं तवा बरा घावला तुमास्नी."

साहेबानं टेबलावरची डबी उघडली, पुन्हा मिटली. बाहेर रंगरुटांची कवायत चालली होती. कुणीतरी मोठ्यानं ओरडत होतं आणि शंभर पाय एकदम आपटत होते. अंबुबाईनं पदर सावरला आणि ती टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिला घाई नव्हती. घरी पोर होतं, त्यानं बैलांना वैरण घातली असेल.

"त्याची आई कुठं ऱ्हाती?" ती म्हणाली. "सांगा, सायेब."