ऑगस्टची बत्तीस तारीख

राग्युझा या बंदराच्या नगरराज्यात नगरप्रमुख व्हायचं म्हणजे महिनाभर महालात कोंडून घ्यायचं. सरकारी काम असलं तरच बाहेर, तेही वाजंत्री आणि लाल डगल्यातले शिपाई घेऊन. वाटेत घरगुती बोलणं बंद. पुढची दोन वर्षं मात्र त्या खुर्चीकडे बघायचंसुद्धा नाही. कुणी चिकटून बसू नये, म्हणून ही सोय.

ऑगस्टचा नगरप्रमुख, सदुसष्ट वर्षांचा ओर्सात, महिन्याचा एकेक दिवस ढकलत होता. एक सप्टेंबरला त्याची लेक नीका जहाजानं सासरी, अँकोनाला निघणार होती. तिला धक्क्यावर निरोप द्यायचा आणि मग घरच्या गादीवर आडवं व्हायचं. बास, एवढंच.

एकतीसला बातमी आली. नवा नगरप्रमुख युनिये ताज्या मासळीच्या मोहानं साथीच्या गावाहून आलेल्या होडीत चढला होता. आता साथ पसरू नये म्हणून तीस दिवस त्याची रवानगी बेटावर.

वेशीच्या किल्ल्या जुन्यानं नव्याच्या हातातच द्यायच्या असतात. निवडलेला माणूस जिवंत असताना दुसरा निवडता येत नाही, आणि ओर्सातला दुसरा महिना देता येत नाही. नगराच्या सभेनं दिवसभर खल करून तोडगा काढला: युनिये येईपर्यंत ऑगस्ट संपणार नाही.

"मग उद्या तारीख काय?" ओर्सातनं विचारलं.

"बत्तीस, सरकार," कारकून पास्को म्हणाला. "वहीत चढवलीसुद्धा."

ओर्सातला भांडायचंही त्राण नव्हतं. सकाळी त्यानं एवढंच विचारलं, की प्रवाशांची चौकशी हे सरकारी काम आहे ना? पास्को म्हणाला, आहे, पण ते आजवर कुठल्या नगरप्रमुखानं केलेलं नाही. ओर्सातनं वाजंत्री बोलावली.

धक्क्यावर नीका समोर आली.

"नाव?"

"नीका."

"कुणाची?"

"ओर्सातची. तुमच्या ओळखीतले असतील."

शिपाई आपापले जोडे बघायला लागले.

"सोबत काय?"

"आईनं दिलेले सुके अंजीर. आणि बाबांची लोकरीची टोपी. न विचारता घेतलीय."

"परत कधी येणार?"

हा प्रश्न यादीत नाही, असं पास्को पुटपुटला.

"ऑगस्ट संपला की," नीका म्हणाली, आणि फळीवरून जहाजावर चढली.

मग पास्कोनं नियम दाखवला: एकाला विचारलं तर सगळ्यांना विचारावं लागतं. अजून एक्केचाळीस जण होते, आणि ते संपेपर्यंत जहाज सुटणार नव्हतं. वाजंत्रीवाले उन्हात खाली बसले. ओर्सातनं खुर्ची मागवली. वर कठड्याशी नीका ती टोपी घालून उभी होती.

शेवटच्या प्रवाशाला त्यानं नाव तीनदा विचारलं.