सहा वर्षांपूर्वीचा तुकडा

कात्रीबाईंचा एक हट्ट साऱ्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ होता. मागच्याच महिन्यात कपडे शिवून नेलेली बाई पुन्हा आली, तरी त्या गळ्यातला टेप काढून नव्यानं माप घेत. "वहीत लिहिलंय की," असं कुणी म्हटलं, तर म्हणत, "वहीतली बाई जेवत नाही, तू जेवतेस."

सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन त्या पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. हार्मोनची गोळी एक दिवस चुकवली नव्हती. तरी यंदा दुखण्यानं यकृतात डोकं वर काढलं. सुईनं यकृतातला तुकडा काढून गाठीची जनुकं तपासू, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते कळेल, असं डॉक्टरांनी सुचवलं. बाईंना सुईचा धसका होता. चार दिवस विचार करून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मी तयार आहे, तारीख घेऊन या.

नवरा गेला आणि हसत परतला. सुई नकोच म्हणाले डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळचा तुकडा मेणात जपून ठेवलाय, त्याच्यावरच तपासणी होईल, काही फरक पडत नाही. बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्या दिवसभर मशीनवर गुणगुणत होत्या.

तपासणीत उपयोगाचं काही निघालं नाही. मग पाच महिने केमो. केस गेले, तोंडाची चव गेली, बोटं बधिर होऊन कात्री धरवेना. गाठी मात्र वाढतच राहिल्या.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि मध्येच विचारलं, नवा तुकडा द्यायला तुम्ही नकार का दिला होता? बाईंना वाटलं, फाइल दुसऱ्याच कुणाची आहे. डॉक्टरांनी कागद फिरवून समोर धरला. 'नव्या बायॉप्सीला रुग्णाची तयारी नाही. पतीने कळवले.'

नवरा खिडकीबाहेर बघत होता.

वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतल्यावर गाठीची जनुकं कधी कधी बदलतात आणि गाठ त्या गोळ्यांना जुमानत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. जुन्या तुकड्यात हा बदल दिसणारच नाही, कारण तेव्हा तो झालेलाच नसतो. तो असलाच, तर त्यावर वेगळी गोळी आहे. पुन्हा तपासू.

बाहेरच्या बाकावर नवरा आपणहून बोलू लागला. यकृतात सुई घातली की रक्त थांबत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"भीती तुम्हाला वाटत होती ना?" बाई म्हणाल्या. "मग तुमची म्हणून सांगायची. माझ्या नावावर का घातलीत?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"अहो, मी हो म्हटलं होतं."

परक्यानं फसवलं असतं, तर बाईंनी त्याला उभा फाडला असता. पण केमोच्या दिवसांत उलटीचं भांडं धरणारे हेच हात होते. धड भांडायलाही यानं जागा ठेवली नाही, याचा त्यांना जास्तच संताप आला.

आठवड्यानं त्या टेबलावर आडव्या झाल्या. कातडी बधिर केली, श्वास रोखायला सांगितला, बरगडीखाली दाब आला, खट् आवाज झाला आणि नर्स म्हणाली, झालं, आता नुसतं पडून राहा.

"इतकंच?" बाईंनी विचारलं. बारा मिनिटं लागली होती.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. बदल सापडला होता. आजच गोळी सुरू करू, असं म्हणून डॉक्टर थांबणार होत्या, पण बाईंनी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी लपवलं नाही. केमोच्या आधी यकृतात दोन डाग होते, आता नऊ आहेत. गोळी किती दिवस साथ देईल, हे सांगता येत नाही.

नवरा धावत जाऊन गोळ्यांची डबी घेऊन आला. त्याचे डोळे भरले होते.

"मिळालं बघ औषध," तो म्हणाला. "सुई फार दुखली का गं? तेव्हा विचारायचा धीरच झाला नाही."

फार दुखली म्हटलं असतं, तर त्यानं जे केलं त्याला थोडा तरी अर्थ उरला असता. ते खोटं बाईंच्या जिभेवर आलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात दुखली नाही."